बॉम जेझूच्या अंगावरचा चुना

जुन्या गोव्यातली आजूबाजूची चर्चेस चुन्याने पांढरीशुभ्र. बॉम जेझूची बॅसिलिका तेवढी तांबूस, उघड्या चिऱ्यांची. सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या, फेस्ताला (उत्सवाला) आलेल्या माणसाला वाटतं, ही अशीच बांधली असणार. तसं नाही. जेझुइट पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी १५९४ मध्ये काम काढलं, १६०५ मध्ये चर्च उपासनेला खुलं झालं आणि पुढे कित्येक पिढ्यांनी ते गिलाव्यातच पाहिलं. १९५० च्या दशकात बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुरचनाकाराने बाहेरचा गिलावा उतरवला. उघडा दगड जुना, भारदस्त दिसतो, ही त्यामागची दृष्टी. मला ती चूक वाटते, आणि तिचं कारण दगडातच आहे.

भिंतीला हात लावून पाहा. बोटांना तांबडी भुकटी लागते. चिऱ्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात आणि काही भोकांत पिवळट मातीही असते. हा जांभा. उष्ण, पावसाळी हवेत मूळ खडकातली सिलिका हजारो-लाखो वर्षं पाण्याबरोबर वाहून जाते. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की पिकावाने तासता येतो. उघड्यावर सुकला की कठीण होतो. पण भोकं बुजत नाहीत! गोव्याचा पाऊस वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर. पाणी आत मुरतं, भोकांतली माती धुऊन नेतं, भिंत आतून पोकळ होत जाते. ओलीवर शेवाळ धरतं, फटींत रोपटी मुळं रोवतात.

बांधणाऱ्यांना हे ठाऊक होतं. जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही, म्हणून दर्शनी भागाच्या खांबांसाठी वसईहून काळा बेसॉल्ट आणला. जवळ जाऊन पाहा, चार शतकांनंतरही त्याच्या कडा शाबूत आहेत.

आत संत फ्रान्सिस झेवियर यांचं शव चांदीच्या पेटीत आहे. ते चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी वारले, म्हणून फेस्त त्याच दिवशी. पेटीखालचं संगमरवरी स्मारक इटलीतल्या तोस्कानाचा शासक कोसिमो तिसरा याची भेट. फ्लॉरेन्सचा शिल्पकार फोज्जिनी याने घडवलेलं, १६९८ मध्ये इथे उभारलेलं. एवढा ठेवा ज्या भिंतींच्या आड आहे, त्या दर पावसाळ्यात उघड्या भिजतात.

गिलावा पुन्हा चढवावा, अशी मागणी चर्चकडून आणि काही वास्तुतज्ज्ञांकडून होत आली आहे. तांबूस रूपावर जीव जडलेल्यांना ती पटत नाही. मला पटते, पण गिलावा चुन्याचाच हवा. चुना पाऊस स्वतःच्या अंगावर झेलतो आणि ऊन पडलं की ओल बाहेर सोडतो. झिजलाच तर दगडाआधी तो झिजतो, आणि तो पुन्हा लावता येतो. सिमेंट घट्ट बसतं. वरून कुठून तरी शिरलेलं पाणी मग मागे कोंडतं, आणि गुळगुळीत दिसणाऱ्या गिलाव्याआड चिरा भुसभुशीत होत राहतो.