कुत्र्याच्या बोलण्यात घोडं कुठे पेंड खातं?

‘कॅट्स अँड डॉग्ज’ (२००१) या विनोदी हॉलिवूडपटात हेरगिरी करणारे कुत्रे घडाघडा इंग्रजी बोलतात. खऱ्या कुत्र्यांच्या जोडीला बाहुल्या होत्या आणि तोंडं संगणकावर हलवलेली. मजा येते, पण ती सगळी मेहनत ओठांवर आहे, आणि बोलणं काही ओठांवर अडलेलं नाही.

ते घशातही अडलेलं नाही. स्वरतंतू थरथरले की नुसता सूर निघतो. त्याचा ‘आ’ होणार की ‘ई’, हे जिभेमुळे बदलणारा वरच्या पोकळीचा आकार ठरवतो. माणसाचं स्वरयंत्र खाली सरकलेलं असतं म्हणून त्याला बोलता येतं, असं पुस्तकांत बरीच वर्षं छापून यायचं. ते चित्र मुख्यतः मेलेल्या प्राण्यांच्या विच्छेदनावरून काढलेलं. प्राण्यांच्या आवाजाचा अभ्यास करणाऱ्या टेकमसे फिच या शास्त्रज्ञांनी भुंकणाऱ्या कुत्र्याचं क्ष-किरण चित्रीकरण केलं, तर भुंकताना त्याचं स्वरयंत्रही चक्क खाली उतरताना दिसलं!

आता माझा आवडता प्रयोग. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी तरुणपणी आपल्या कुत्र्याला खाऊ देऊन सलग गुरगुरायला शिकवलं. मग गुरगुर चालू असताना त्याचं तोंड हाताने मिटायचं-उघडायचं: ‘मा मा मा’. जबड्याखालून अंगठ्याने वर दाबायचं: ‘गा गा गा’. आपल्या वर्णमालेतले ओष्ठ्य आणि कंठ्य, दोन्ही हजर! शेवटी ‘हाऊ आर यू, ग्रँडमामा?’ असं ऐकू यावं इथपर्यंत मजल गेली. हात काढला की मात्र पुन्हा नुसती गुरगुर.

बेल यांचा हात जे करत होता, ते आपल्यात मेंदू करतो. माणसात प्रमस्तिष्क बाह्यकातून, म्हणजे मेंदूच्या सगळ्यांत बाहेरच्या थरातून, निघालेले काही चेतातंतू थेट मस्तिष्क स्तंभातल्या (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागातल्या) ‘न्यूक्लिअस अँबिग्युअस’पर्यंत जातात, स्वरयंत्राचे स्नायू हलवणाऱ्या पेशी तिथे असतात. मधे दलाल नाही. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत ही थेट तार नसते, किंवा असली तरी अगदी विरळ. त्यांचा आवाज मध्यमस्तिष्कातल्या, म्हणजे मेंदूच्या मधल्या भागातल्या, ‘पेरिअ‍ॅक्विडक्टल ग्रे’मधून सुटतो, आणि भीती, वेदना, आक्रमकता यांचा कारभारही तिथेच चालतो. त्यामुळे भुंकायचं की गप्प बसायचं हे कुत्र्याला शिकवता येतं, पण नवा उच्चार जुळवणं त्याच्या आवाक्यात नाही.

समज ही वेगळी गोष्ट. चेसर नावाच्या बॉर्डर कॉली कुत्रीला १,०२२ खेळण्यांची नावं येत होती. तिला शिकवणारे मानसशास्त्रज्ञ जॉन पिली यांनी तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला.

भुंकण्याचं भाषांतर विकणाऱ्यांपासून मात्र जरा जपून. जपानच्या टाकारा कंपनीचं ‘बाउलिंग्वल’ हे यंत्र भुंकणं सहा भावनांत बसवायचं. त्याला २००२ चं शांततेचं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या कामाला मिळणारं गमतीचं पारितोषिक, मिळालं, तेवढा सन्मान पुरे. आणि रात्री कुत्रं रडलं म्हणजे त्याला यमदूत दिसला, हे तर सोडाच. बहुतेक वेळा ते लांबच्या कुत्र्याला, नाहीतर एखाद्या भोंग्याला ओ देत असतं.