दोघांच्या नावावर बोट: बडोद्याच्या जोडप्यांसाठी नोंदणीची माहिती

चांदोदहून नर्मदेवर दोन-चार दिवस फिरता येईल, रात्री आत झोपता येईल अशी केबिनची बोट घ्यायची असेल, तर बयाणा देण्याआधी कागद बघा. बोटीला इंजिन असले की ती अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 खाली येते, मग ती भाड्याने द्यायची असो की फक्त घरच्यांसाठी. आधी सर्व्हे म्हणजे बोटीची तपासणी, मग नोंदणी, आणि विमा. यातले एकही टाळता येत नाही. गुजरातेत हे काम गुजरात मेरिटाइम बोर्डाकडे आहे. भरूचच्या खाली खंभातच्या आखातात जायचे मनात असेल तर ते सुरुवातीलाच सांगा. तिथली भरती-ओहोटी फार मोठी असते, आणि अंतर्देशीय हद्दीबाहेर नदीची नोंदणी पुरत नाही.

बहुतेक अर्ज अडतात ते नावांवर. दोघे मालक होणार असाल तर विक्रीपत्र, बिल, विमा आणि अर्ज या चारही ठिकाणी दोघांची नावे एकसारखी हवीत. आपल्याकडे पत्नीच्या पॅनवर वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते, आधारवर पतीचे नाव आणि सासरचे आडनाव. शिवाय गुजराती कागदांवरून इंग्रजीत येताना जोशीचे जोषी, गायकवाडचे गाएकवाड असे फरक पडतात. हे आधारवर आधी दुरुस्त करा आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. विक्रीपत्र झाल्यावर दुरुस्ती करायची म्हणजे विकणाऱ्याला पुन्हा सहीला बोलवावे लागते, आणि तो तोवर हाती लागेलच असे नाही. दोघांपैकी एकजण परदेशी नागरिक असेल तर मालकी कोणाच्या नावावर ठेवायची हे पैसे देण्याआधीच विचारून घ्या.

सोबत लागते ते असे: ओळख आणि पत्त्याचे पुरावे, दोघांचे फोटो, बिल किंवा विक्रीपत्र, इंजिनाचा क्रमांक दिसेल असे इंजिनाचे बिल, बोट बांधणाऱ्याचा दाखला आणि बोटीचे नकाशे, सर्व्हेचे प्रमाणपत्र, विमा. जुनी बोट असेल तर तिचे मूळ नोंदणीपत्र आणि कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागा. इंजिनावर कोरलेला क्रमांक स्वतः वाचून कागदाशी ताडून घ्या. इंजिन बदललेले असते आणि कागद जुन्याचाच असतो, हे वारंवार दिसते. नवी बोट बांधून घेत असाल तर नकाशाला मंजुरी आधी, काम नंतर.

सर्व्हेअरसमोर बोट पाण्याबाहेर ठेवा, म्हणजे तळ दिसेल. प्रमाणपत्रावर लिहिलेली माणसांची संख्या मनापासून पाळा. 18 जानेवारी 2024 ला आपल्या हरणी तलावात बोट उलटून 12 विद्यार्थी आणि 2 शिक्षिका गेल्या. प्रमाणपत्रावरच्या आकड्यामागे बोटीचे संतुलन असते. लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या मापाचे हवे. मोठ्यांचे जॅकेट मुलाच्या अंगातून निसटते.

बोटीत सुधारणा करण्याआधीही परवानगी लागते, आणि त्याला कारण आहे. 15 अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आऊटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावायचे इंजिन) सुमारे 40 किलोचे असते, 40 अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक सुमारे 100 किलोचे. एवढा भार मागच्या फळीवर आला की बोट मागून बसते आणि लाट आत घेते. छतावर 20 किलोची चार सोलर पॅनेल म्हणजे 80 किलो उंचावर गेले. पाण्याची टाकी 100 लिटरची केली तर आणखी 100 किलो, पण ती तळाशी ठेवली तर उलट स्थैर्य वाढते. गॅसचा सिलिंडर केबिनमध्ये नको. गळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो तळात साचतो आणि तिथेच बिल्ज पंपाची, म्हणजे तळात साचलेले पाणी उपसणाऱ्या पंपाची, ठिणगी असते. सिलिंडरची पेटी वेगळी करा, तिचे भोक बोटीबाहेर उघडू द्या.

नाव आधी अर्जात द्या, मग रंगवा. नोंदणीपत्रावर आणि बोटीवर एकच शब्दलेखन हवे. दोन-तीन पर्याय तयार ठेवा. रेवा, नर्मदा ही नावे इतक्या बोटींना आहेत की हाक मारताना घोटाळा होतो. संकटात रेडिओवर नाव तीनदा उच्चारावे लागते, म्हणून ते छोटे आणि स्पष्ट निवडा. बोट भाड्याने द्यायची असेल तर तिला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देऊ नका. 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्यात ते व्यवसायासाठी वापरायला मनाई आहे.