अधिकर्ष शुल्क

अधिकर्ष शुल्क : खात्यातील शिलकेपेक्षा जास्त रक्कम खातेदाराने काढली, किंवा तेवढी मागणी बँकेपुढे आली, की बँक जी आकारणी करते ती. ‘अधिकर्ष’ हा ओव्हरड्राफ्टचा परिभाषेतला मराठी प्रतिशब्द. पण मुंबईच्या बाजारात किंवा शाखेच्या काउंटरवर तो कोणाच्या तोंडी नाही. तेथे ‘ओडी’, ‘लिमिट’, ‘खातं मायनसमध्ये गेलं’, ‘चेक परत आला’ असेच बोलले जाते.

अमेरिकेत या शुल्काचा अर्थ सरळ आहे. शिल्लक नसतानाही बँक पैसे देते आणि त्याबद्दल दर व्यवहारामागे ठरावीक रक्कम, बरीच वर्षे ३५ डॉलरच्या आसपास, कापून घेते. मुंबईतल्या बचत खातेदाराला ही सवलत सहसा मिळतच नाही. त्याचा चेक किंवा हप्ता परत जातो आणि परत गेल्याचे शुल्क लागते. शिल्लक ठरलेल्या पातळीखाली गेली तर किमान शिलकेचा दंड वेगळा. खरा अधिकर्ष, म्हणजे पैसे उचलून त्यावर व्याज भरणे, हा मुख्यतः चालू खातेदार व्यापाऱ्यांचा आणि मुदत ठेव तारण ठेवणाऱ्यांचा विषय. या नोंदीत तिन्हींचा एकत्र विचार केला आहे, कारण खातेदाराच्या लेखी तिन्ही एकच गोष्ट आहेत : पैसे नव्हते म्हणून पैसे गेले.

उगम : अधिकर्षाचा उगम बहुधा स्कॉटलंडमध्ये मानला जातो. १७२७ साली स्थापन झालेल्या रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या विल्यम हॉग या व्यापाऱ्याला खात्यातील शिलकेपेक्षा १,००० पौंड जास्त काढण्याची मुभा दिली. हीच पहिली अधिकर्षाची घटना, असे बँकव्यवसायाच्या इतिहासात वारंवार येते. अ‍ॅडम स्मिथने १७७६ च्या आपल्या ग्रंथात स्कॉटिश बँकांच्या या ‘कॅश अकाउंट’ पद्धतीचे सविस्तर वर्णन केले आहे. यावर एक आक्षेप असा, की हॉगला मिळालेली सवलत आधी मंजूर केलेली मर्यादा होती. आजच्या भाषेत ती कॅश क्रेडिटच्या जवळची. चालू खाते शून्याखाली जाऊ देण्याचा रिवाज लंडनच्या सोनार-सावकारांकडे त्याआधीच असावा, असे या मताच्या अभ्यासकांना वाटते. आक्षेप निराधार नाही. पण मर्यादा, जामीन आणि रोजच्या बाकीवर व्याज ही तिन्ही अंगे संस्थेच्या नियमात एकत्र बसली ती स्कॉटलंडमध्येच, असे धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

मुंबईपुरता हा वाद दुय्यम आहे. येथे प्रेसिडेन्सी बँका (इंग्रजी अमलातील इलाख्यांच्या बँका) येण्याच्या आधीपासून सराफांच्या पेढ्यांवर नावे-जमेचे चालते खाते होते. ते दोन्ही बाजूंना झुकू शके आणि व्याज दोन्हीकडून मोजले जाई. त्याहून महत्त्वाची आहे हुंडी, म्हणजे अमुकाला पैसे द्यावेत असा एका पेढीने दुसऱ्या पेढीवर लिहिलेला कागद. हुंडी सकारली गेली नाही तर काय करायचे, याची पुरी व्यवस्था बाजाराने स्वतःच लावली होती. हुंडी लिहून देणारा धारकाजवळ ‘जिकरी चिठ्ठी’ देत असे. ती त्या गावातल्या एखाद्या पतदार असामीच्या नावे असे आणि मूळ पेढीने हुंडी नाकारल्यास तिने ती उचलावी, अशी विनंती त्यात असे. तरीही हुंडी परतलीच, तर धारकाला ‘निकराई-सिकराई’ या नावाने भरपाई मिळे. ही रक्कम ज्याचे पैसे अडले त्याच्या हाती जाई, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. आज चेक परत गेल्यावर बँक चेक देणाऱ्याकडून शुल्क घेते आणि बहुतेक बँका तो भरणाऱ्याकडूनही घेतात. ज्याचा काही दोष नाही आणि ज्याचे पैसेही आले नाहीत, त्याच्याही पासबुकात एक कपात उमटते. जुना रिवाज या बाबतीत अधिक न्याय्य होता.

१८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) चेक, विनिमयपत्र व वचनचिठ्ठी यांना एका कायद्याखाली आणले. पौर्वात्य भाषांतील संलेखांबाबतचे स्थानिक रिवाज मात्र त्याने पहिल्याच कलमात शाबूत ठेवले, त्यामुळे हुंडीचे नियम बाजारापुरते पुढेही टिकले.

बँक ऑफ बॉम्बे (स्थापना १८४०) हा या इतिहासातला धडा देणारा टप्पा. १८६३ च्या कायद्याने बँकेवरची कर्जविषयक बंधने सैल झाली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते आणि शेअरचा सट्टा पेटला होता. शेअरबाजारातले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या वर्तुळात केवळ वैयक्तिक पतीवर आणि शेअरच्या तारणावर मोठ्या उचली दिल्या गेल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि १८६८ साली बँक मोडीत काढावी लागली. त्याच वर्षी त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. ती १९२१ मध्ये इंपीरियल बँकेत विलीन झाली आणि इंपीरियल बँकेची १९५५ मध्ये स्टेट बँक झाली. विनातारण उचलीबद्दल येथील बँकांत पुढे जी कडक सावधगिरी दिसते, तिचे एक मूळ या पडझडीत असावे.

विसाव्या शतकात व्यापार-उद्योगाचा बहुतेक कर्जपुरवठा कॅश क्रेडिट व अधिकर्षातूनच चाले. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या टंडन समितीने (अहवाल १९७५) आणि चोरे समितीने (१९७९) त्याला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. त्याचा तपशील औद्योगिक वित्ताच्या विषयात मोडतो.

शुल्क आणि नियमन : १९९९ पर्यंत सेवाशुल्काचे दर भारतीय बँक संघ ठरवी. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने हा अधिकार एकेका बँकेच्या संचालक मंडळाकडे सोपवला. आजची दरांची तफावत तेथून सुरू होते. शुल्क वाजवी आहे की नाही हे पाहण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये एक कार्यगट नेमला. मात्र किमान शिलकेच्या दंडावर खरी मर्यादा आली ती २० नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकाने (अंमल १ एप्रिल २०१५). शिल्लक कमी झाल्यास ग्राहकाला कळवावे, ती भरून काढण्यास किमान एक महिना द्यावा, दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ या दंडामुळे खाते उणे होऊ नये, असे त्यात सांगितले आहे. शेवटची अट सर्वांत मोलाची आणि सर्वांत कमी लोकांना ठाऊक असलेली. काही बँका न वसूल झालेला दंड बाजूला टिपून ठेवतात आणि पुढचा भरणा येताच कापतात. खातेदाराच्या दृष्टीने खाते उणेच झाले, फक्त ते पासबुकावर दिसले नाही.

स्टेट बँकेने २०१२ मध्ये बंद केलेला हा दंड एप्रिल २०१७ मध्ये पुन्हा लावला. महानगरांत मासिक सरासरी शिलकेची अट तेव्हा ५,००० रुपये होती. एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत या बँकेने दंडापोटी सुमारे १,७७० कोटी रुपये गोळा केले. टीका वाढली तशी अट ३,००० वर आली, २०१८ मध्ये दंडाचे दर खूप उतरवले गेले आणि मार्च २०२० मध्ये तो रद्दच झाला. २०१९-२० पासूनच्या पाच आर्थिक वर्षांत सार्वजनिक बँकांनी मिळून या दंडातून सुमारे ८,५०० कोटी रुपये मिळवले, असे सरकारने २०२४ मध्ये संसदेत सांगितले. २०२५ मध्ये कॅनरा बँकेसह अनेक सार्वजनिक बँकांनी दंड सोडून दिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतील नव्या बचत खात्यांसाठी ५०,००० रुपयांची अट जाहीर केली आणि लोकांचा रोष पाहून काही दिवसांतच ती १५,००० वर आणली. ग्राहकांच्या आवाजाने दर उतरल्याची इतकी ठसठशीत उदाहरणे थोडीच आहेत.

किमान शिल्लक न लागणारे मूलभूत बचत खाते २०१२ पासून सर्व बँकांना द्यावे लागते. आयआयटी मुंबईचे प्रा. आशिष दास यांनी मात्र दाखवून दिले, की स्टेट बँकेत या खात्यांवरही महिन्यातील पैसे काढण्याच्या चार व्यवहारांनंतर दर व्यवहाराला १७.७० रुपये, अगदी यूपीआयने पैसे दिले तरीही, घेतले जात होते. गरिबांसाठी काढलेल्या खात्यातून हे घेतले गेले, हे विसरण्याजोगे नाही.

परतीचे शुल्क कसे साचत जाते हे एका नमुन्यावरून कळेल. समजा, चिंचपोकळीतल्या एका कामगाराच्या फ्रीजचा हप्ता ४,२०० रुपये, तारीख ५. पगार १० तारखेला. खात्यात ३,९६० आहेत, म्हणजे तूट २४० ची. हप्ता परत जातो, बँक ५०० रुपये व त्यावर १८ टक्के कर मिळून ५९० कापते, शिल्लक ३,३७० राहते. तो दुसऱ्या दिवशी हिशेबाने ३०० रुपये भरतो, कारण त्याच्या मते तूट २४० चीच आहे. खात्यात ३,६७० होतात. दोन दिवसांनी कर्ज देणारी कंपनी पुन्हा मागणी पाठवते, हप्ता पुन्हा परत जातो, आणखी ५९० जातात. उरतात ३,०८०. अडीचशेच्या आतल्या तुटीपायी १,१८० रुपये गेले, शिवाय कर्ज देणाऱ्या कंपनीचा ‘बाऊन्स चार्ज’ वेगळा.

ग्राहकांचा प्रतिसाद : १ ऑगस्ट २०२१ पासून हप्तावसुलीची ‘नॅच’ यंत्रणा सुटीच्या दिवशीही चालते. त्यापूर्वी रविवार किंवा सण आडवा आला की एक-दोन दिवस मिळत आणि पुष्कळ जण त्यावर विसंबून असत. चेकचेही तसेच. मस्जिद बंदर, मंगलदास मार्केट भागातील व्यापारी आज चेक देऊन उद्या पैसे भरण्याचा हिशेब वर्षानुवर्षे करत आले. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकची वटवणी दिवसभर अखंड चालू लागल्याने ती फट जवळजवळ बुजली. उरला तो शाखेला फोन : “साहेब, आजचा चेक तेवढा पास करा, तीनपर्यंत आरटीजीएस येतंय.” व्यवस्थापकाने मानले तर तात्पुरता अधिकर्ष, म्हणजे ‘टीओडी’. तो मिळणे हा खातेदाराच्या जुन्या ओळखीचा भाग असतो, हक्काचा नव्हे. व्यापारी परतीच्या शुल्काला फारसा भीत नाही, भीतो तो पत जाण्याला. १९८९ पासून परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली चेक न वटणे हा फौजदारी गुन्हाही आहे. नोटीस मिळाल्यावर १५ दिवसांत पैसे दिले तर तो टळतो, अन्यथा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात.

पगारदारांची रीत निराळी. हप्त्यासाठी एक खाते राखून त्यात एक जादा हप्ता कायम ठेवणे ही त्यांतली सर्वांत जाणती. हप्त्याची तारीख पगारानंतरची मागून घेणे हाही सोपा उपाय, पण कर्ज घेताना तो विचारला तरच मिळतो. नोकरी बदलली की जुने पगार खाते काही महिन्यांनी साध्या खात्यात बदलते आणि किमान शिलकेची अट लागू होते. अशी विसरलेली खाती दंडाचे मोठे कुरण आहेत. दोन वर्षे व्यवहार नसलेल्या निष्क्रिय खात्यावर हा दंड लावता येत नाही; खाते निष्क्रिय ठरण्याआधीची कपात मात्र राहते. काउंटरवर जाऊन “रिव्हर्स करून द्या” म्हणणे पुष्कळांना कमीपणाचे वाटते. तसे वाटू नये. पहिल्या वेळचे शुल्क शाखेच्या पातळीवर परत मिळणे अशक्य नाही.

शाखेने दाद दिली नाही तर बँकेकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आले ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. १९९५ पासूनची ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला एकात्मिक झाली. मुंबईकराचा कागदी अर्जही आता चंदीगडच्या केंद्रात जातो. तो मराठीतूनही करता येतो. अर्जासोबत पासबुकाच्या त्या पानाची प्रत आणि बँकेने पूर्वसूचनेचा संदेश पाठवला असल्यास त्याची तारीख जोडावी. किमान शिलकेच्या दंडाच्या तक्रारीत ही तारीखच निर्णायक ठरू शकते.

सहकारी पतपेढ्या रिझर्व्ह बँकेच्या या नियमांखाली येत नाहीत. तेथे पिग्मी एजंट रोज दुकानात येऊन पैसे नेतो, आणि गिरणगावातले अनेक छोटे दुकानदार मोठ्या बँकेतले खाते केवळ चेकपुरते ठेवून रोजची बचत तेथेच करतात.