खुलासा : 'प्रवाळ अळंबी रंगावरून ओळखता येते आणि विषारी नसते'

प्रवाळ अळंबी म्हणजे प्रवाळासारख्या फांद्या फुटलेली बुरशी. तिच्याबद्दलची ही दोन्ही विधानं चुकीची आहेत, आणि दुसरं तर घातक.

आधी रंग. प्रवाळ अळंबीच्या रामारिया वंशातल्या कितीतरी जातींची कोवळी टोकं गुलाबी, पिवळी किंवा केशरी असतात. वय वाढलं, पाऊस लागला की त्या सगळ्या एकसारख्या मळकट बदामी दिसतात. त्यामुळे नुसत्या फोटोवरून कुणी जातीचं नाव ठामपणे सांगितलं, तर जरा जपूनच.

ओळख पटवायची असेल तर बुंधा मोडू नका. चाकूने मुळापासून उकरा. अळंबी मातीत आहे की लाकडावर, हे तिथेच नोंदवा. पुरलेलं लाकूड हमखास नजरेतून सुटतं. मग फांदी वाकवून पाहा. रामारिया सहसा मोडते. चिवट, बुळबुळीत आणि वाकणारी पिवळी-केशरी फांदी सूचिपर्णी लाकडावर असेल, तर ती बहुधा कॅलोसेरा. दिसायला प्रवाळ, पण कुळ वेगळं.

पक्व फांदी काचेवर आडवी ठेवून वाटीखाली रात्रभर झाका. बीजाणूंचा (अळंबीच्या बियांसारख्या बारीक कणांचा) थर पांढरा आला तर क्लाव्हुलिना हा दुसरा प्रवाळ वंश किंवा तत्सम, पिवळट-तपकिरी आला तर रामारिया. कोवळ्या नमुन्यातून थर पडतच नाही. पुढची जात मात्र सूक्ष्मदर्शकाशिवाय ठरत नाही.

विषाचं म्हणाल तर रामारिया फॉर्मोसाने उलट्या-जुलाब होतात. जपान-कोरियातली, प्रवाळासारखी दिसणारी लालभडक पोडोस्ट्रोमा कॉर्नू-डामी खाऊन माणसं दगावली आहेत. तिच्या नुसत्या स्पर्शानेही त्वचेची आग होऊ शकते.