एका पायाचा भरवसा

भिगवणजवळ कुंभारगावच्या काठावर, जानेवारीतल्या सकाळी, रोहित पक्ष्यांवर कॅमेरा रोखून उभं राहिलं की दहा मिनिटांत खांदे भरून येतात. ६०० मिलिमीटर एफ/४ लेन्स तीन-चार किलोची, वर कॅमेरा जवळपास किलोभर. हात तर प्रत्येकाचाच थरथरतो, सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा. स्नायू दमले की ही थरथर वाढते.

ती किती महागात पडते ते बघा. लेन्स आणि कॅमेरा मिळून अर्धा मीटर लांबी धरू. शटर उघडं असताना लेन्सचं पुढचं टोक केसाच्या जाडीइतकं, म्हणजे ७० मायक्रॉन, खाली झुकलं, तर २४ मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम सेन्सरवर चित्र तब्बल १४ पिक्सेल सरकतं. पन्नास मीटरवरच्या पक्ष्याच्या अंगावर हे अंतर ७ मिलिमीटर भरतं. डोळ्यातली चमक पुसून जायला तेवढं पुरतं.

म्हणून मोनोपॉड, म्हणजे कॅमेरा टेकवायचा, एकात एक शिरणाऱ्या नळ्यांचा एकपायी दांडा. तो सगळं वजन जमिनीवर उतरवतो आणि वरखाली होणारी हालचाल जवळजवळ थांबवतो. पुढेमागे आणि बाजूला झुकणं मात्र उरतंच. तिथे आपले दोन पाय त्याच्या जोडीला लागतात.

दुकानात बहुतेक जण ‘भारक्षमता १० किलो’ एवढंच वाचतात. तो आकडा नळी किती वजनाखाली टिकेल ते सांगतो. ती किती लवेल, हे त्यावरून कळत नाही, आणि आपल्याला तर तेच हवं असतं. पातळ भिंतीच्या पोकळ नळीचा ताठपणा तिच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतो. भिंतीची जाडी तीच ठेवून २४ मिलिमीटरची नळी ३६ मिलिमीटरची केली, तर वजन दीडपट होतं, पण ताठपणा जवळपास ३.४ पट. बांबू पोकळ असूनही ताठ उभा राहतो तो याच हिशोबाने.

गंमत अशी की नळीचा प्रत्येक भाग वरच्या भागात शिरतो, त्यामुळे सगळ्यात खालचा भाग सगळ्यात बारीक. पाच भागांचा मोनोपॉड सॅकमध्ये छान मावतो, पण त्याचा शेवटचा भाग बोटाएवढा उरतो. जड लेन्सला मी तीन, फार तर चार भागांचाच घेईन, आणि माप घेईन ते तळाच्या नळीचं. ॲल्युमिनियमपेक्षा कार्बन फायबर हलकं, आणि त्यात कंपन लवकर विरतं. मात्र दगडावर जोरात आपटलं तर ॲल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बनला तडा जाऊ शकतो.

विकत घेण्याआधी तो पूर्ण लांब करा, दोन्ही तळवे वर ठेवा आणि अंगाचा भार हळूहळू टाका. माझ्या पहिल्या मोनोपॉडचं खालचं कुलूप, म्हणजे नळी आवळून धरणारी पकड, चिखलात भर चित्रणात सटकलं होतं. ही परीक्षा तेव्हा दुकानातच घ्यायला हवी होती. पूर्ण उघडल्यावर तो डोळ्यांच्या पातळीपेक्षा वीतभर उंच हवा, कारण झाडावरच्या पक्ष्याकडे लेन्स वर करताना कॅमेऱ्याची मागची बाजू खाली येते.

मोनोपॉडच्या टोकावर बसणाऱ्या जोडाला हेड म्हणतात. तिथे सगळ्या बाजूंना फिरणारं बॉल हेड नको. जरा सैल झालं की जड लेन्स बाजूला कलंडते. फक्त पुढेमागे झुकणारं टिल्ट हेड पुरतं, कारण डावीउजवीकडे वळायला अख्खा मोनोपॉडच फिरतो. आणि तो कॅमेऱ्याला कधीच लावू नये, लेन्सच्या कॉलरला, म्हणजे तिच्याभोवतीच्या कड्याला, लावावा. कॉलरखालची, हेडमध्ये बसणारी प्लेट पुढेमागे सरकवून तोल साधा: हेड सैल सोडलं तरी लेन्स आडवी थांबली, की प्लेट बरोबर जागी आहे. तोल ५ सेंटिमीटरने जरी चुकला, तरी ५ किलोच्या जोडणीला तो सारखा एका बाजूला ओढत राहतो आणि मनगट पुन्हा दमतं.

उजनीच्या पाण्यात नावेतून जाताना मोनोपॉड निम्माच उघडावा, कारण आपण बसलेले असतो. नावेचं मशीन चालू असताना तो फळीवर टेकला, तर तिची थरथर थेट लेन्सपर्यंत चढते. तेवढ्यापुरता तो बुटाच्या टोकावर टेकवावा. नाहीतर सरळ नावाडीदादांना मशीन बंद करायला सांगावं. थव्याच्या अलीकडे नाव वाहत वाहत हळूच वळते, आणि तिच्याबरोबर मोनोपॉडही हातात तसाच वळत राहतो.