वाघाला डार्ट मारताना ऊन कुठे आडवं येतं

मोहफुलं वेचायचे दिवस आले, की चंद्रपूर-गडचिरोलीकडून ठरलेल्या बातम्या येऊ लागतात. तेंदूपानाच्या हंगामात त्या आणखी वाढतात. माणसावर हल्ला, गावकऱ्यांचा संताप, वनखात्याच्या पथकाचा मुक्काम आणि काही दिवसांनी ‘वाघ बेशुद्ध करून जेरबंद’. बातमीखाली लोक हमखास विचारतात, की इंजेक्शनची गोळीच मारायची होती तर इतके दिवस कशाला लावले? वाघ दिसला, बार काढला, वाघ धाडकन आडवा, असं चित्र सिनेमाने आणि चॅनलवाल्यांनी डोक्यात बसवलंय. खरं काम फार वेगळं आहे, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर ते फारच अवघड होतं.

डार्ट ही गोळी नाही. ती उडणारी सिरिंज आहे. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबून भरलेली हवा, दोघांच्या मधे रबरी दट्ट्या. सुईचं टोक बंद असतं, भोक असतं ते बाजूला, आणि त्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई कातडीत घुसली की ही नळी कातडीला अडून मागे सरकते, भोक उघडं पडतं, मागची हवा दट्ट्या पुढे रेटते आणि औषध स्नायूत जातं. सगळा खेळ साधारण सेकंदाच्या आतबाहेर संपतो.

भरताना क्रम चुकवून चालत नाही. आधी पुढच्या कप्प्यात औषध, मग नळी चढवलेली सुई घट्ट बसवायची, सुईवर टोपण घालायचं आणि त्यानंतरच मागच्या झडपेतून सिरिंजने हवा भरायची. टोपणाआधी हवा भरली आणि नळी निसटली, तर भुलीचं औषध भरणाऱ्याच्या तोंडावर उडतं. म्हणून हातमोजे आणि चष्मा लागतोच. नळी दर वेळी नवी घ्यावी. वापरलेली नळी सैल पडते. बार निघताना डार्ट झटक्यात पुढे जातो आणि सैल नळी जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहते, म्हणजे सुईवर मागे घसरते. भोक बंदुकीच्या नळीतच उघडं पडतं, औषध वाटेत सांडतं आणि वाघाला लागते ती रिकामी सिरिंज.

औषधाची मात्रा पशुवैद्यक ठरवतात. ती 2 मिलिलिटर निघाली आणि डार्ट 3 मिलिलिटरचा असला, तर उरलेली जागा निर्जंतुक पाण्याने भरून काढतात. कारण अर्धवट भरलेल्या डार्टचं वजन वेगळं, आत द्रव हिंदकळणार, तोल बदलणार. सरावाचे डार्टही पाण्याने पूर्ण भरलेले हवेत, नाहीतर तणसाच्या गठ्ठ्यावर लावलेल्या पुठ्ठ्यावर घेतलेला नेम खऱ्या वेळी कामाचा राहत नाही.

आता वेगाचं गणित पाहू. डार्ट सेकंदाला 60 मीटर वेगाने निघाला आणि वाघ 30 मीटरवर आहे असं धरू. हवेचा अडथळा सोडून दिला तर पोचायला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे 122 सेंटिमीटर खाली ओढतं. नेम तेवढा वर धरायचा, हे झालं सोपं. पण वेग 5 टक्के वाढला, म्हणजे 63 झाला, तर डार्ट 111 सेंटिमीटरच खाली येतो. वेग 57 वर आला तर 136. एवढ्याशा फरकाने वर-खाली मिळून 25 सेंटिमीटर सरकले. मांडीच्या जाड स्नायूवर धरलेला नेम एकीकडे कमरेच्या हाडावर जातो, दुसरीकडे पोटाखालून निसटतो. शिवाय धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. जास्त वेगात डार्ट स्नायू फाडतो, हाडही मोडू शकतो, किंवा आपटून औषध आत जाण्याआधीच उसळून बाहेर पडतो. म्हणून या कामात जोरापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा. प्रत्येक बार आधीच्या बारासारखाच निघाला पाहिजे.

सारखेपणा बिघडवतो तो गॅस. बऱ्याच डार्ट गन कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांवर चालतात. आत तो द्रवरूपात असतो आणि वर थोडी वाफ. द्रव शिल्लक आहे तोवर वाफेचा दाब किती गॅस उरला यावर ठरत नाही, फक्त तापमानावर ठरतो. डिसेंबरच्या पहाटे 10 अंशाला हा दाब सुमारे 45 बार (इथे बार म्हणजे दाब मोजायचं एकक), 20 अंशाला 57, 30 अंशाला 72. मोटारीच्या चाकात साधारण 2 बार हवा असते, त्यावरून अंदाज यावा. इथवर गणित सरळ आहे. पण 31 अंश आणि सुमारे 74 बार हा कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिबिंदू. त्याच्या वर द्रव आणि वाफ हा भेदच संपतो. कितीही दाबा, द्रव वेगळा होत नाही. नळकांड्यात एकच दाट प्रवाही पदार्थ उरतो आणि त्याचा दाब मग नळकांडं किती ठासून भरलं होतं यावर अवलंबून राहतो. 45 अंशाला तो 100 बारच्याही पुढे जातो. ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सकाळचे दहा वाजेपर्यंत आपण त्या रेषेच्या पलीकडे गेलेलो असतो. जिप्सीच्या डॅशबोर्डवर ठेवलेलं नळकांडं दुपारी फुटूही शकतं.

ज्या साध्या पिस्तुलात नळकांड्याचा दाब थेट डार्टवर येतो, तिथे या फरकाचा सरळ फटका बसतो. वेग ढोबळमानाने दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. 45 चे 72 बार झाले की दाब 60 टक्के वाढला आणि वेग जवळपास 26 टक्के. पहाटे बसवलेला नेम दुपारी कुठे जाईल ते सांगायला नको.

म्हणून चांगल्या रायफलीत नळकांड्यातून थोडा गॅस एका कोठडीत सोडतात, दाबमापकावर अंतरानुसार हवा तेवढा आकडा आणतात आणि तेवढ्याच गॅसवर बार काढतात. नळकांडं 45 बारचं असो की 100 चं, कोठडीतला आकडा सारखा. पण इथेच एक गोष्ट नजरेतून सुटते. दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड पसरला की थंड होतो. कोठडीत शिरलेला गॅस 15 अंशाचा असेल, आकडा बरोबर लावला आणि मग वाघ झुडपातून बाहेर येण्याची वाट पाहत मचाणावर बसलात, तर तो गॅस तापून 45 अंशाला येतो. बंद जागेत दाब केल्विनमध्ये मोजलेल्या तापमानाच्या प्रमाणात वाढतो. 15 अंशांचे 45, म्हणजे 288 केल्विनचे 318 झाले, की दाब 10 टक्के वर. वेग 5 टक्के वर. तेच 11 सेंटिमीटर. उलट रबरी रिंगमधून गॅस झिरपत असेल तर आकडा खाली येत राहतो. बंदूक सावलीत ठेवायची, दाब शेवटी लावायचा आणि घोडा दाबण्याआधी काटा पुन्हा बघायचा, यावर दुसरा उपाय नाही. डार्टमधली हवाही तशीच तापते, म्हणून तीही आदल्या रात्री भरून ठेवत नाहीत.

आवाजाचा मुद्दाही वेगाशीच जोडलेला आहे. 45 अंशाला ध्वनी सेकंदाला सुमारे 357 मीटर जातो. डार्ट त्याच्या सहाव्या हिश्श्याने. 30 मीटरवरच्या जनावराला बाराचा आवाज 0.08 सेकंदात ऐकू येतो आणि डार्ट पोचतो 0.5 सेकंदात. मधले 0.4 सेकंद त्याला दचकायला, वळायला पुरेसे असतात. चितळ तर हमखास उसळतं. म्हणून जनावर निवांत उभं आणि आपल्याकडे कूस केलेलं दिसेपर्यंत थांबतात. गर्दी आरडाओरडा करत असेल तर ती वेळ येतच नाही.

डार्ट लागूनही वाघ चालत गेला की गावात चर्चा सुरू होते, की हा वाघ साधा नाही, याच्यावर औषध चालत नाही. मग कुणी मांत्रिकाला आणायची भाषा करतो. यात मंतरलेलं काही नाही. सुई चरबीत किंवा नुसत्या कातडीखाली थांबली, तर औषध रक्तात सावकाश उतरतं. वाघ हाकारा करून पळवलेला, चिडलेला असेल, तर त्याच्या रक्तातलं अ‍ॅड्रेनालिन झायलाझिनसारख्या गुंगीच्या औषधाशी झगडतं. सगळं नीट जमलं तरी वाघ पडायला साधारण 5 ते 15 मिनिटं लागतात. त्या वेळात त्याच्यामागे धावणं सर्वांत घातक. पथक लांबून नजर ठेवतं आणि बोडी (छोटं तळं), विहीर, नाला यांच्याकडे त्याने जाऊ नये याची काळजी घेतं, कारण गुंगीतलं जनावर हातभर पाण्यातही बुडतं.

बेशुद्धीत शरीराला तापमान सांभाळता येत नाही. वाघाचं नेहमीचं तापमान 38 अंशांच्या आसपास. ते 40 च्या वर सरकू लागलं की पाणी ओततात, ओली पोती टाकतात, सावलीत हलवतात. हवाच 45 अंशाची असेल तर ही लढाई हरण्याचीच शक्यता जास्त, म्हणून उन्हाळ्यात डार्ट शक्यतो पहाटे किंवा दिवस कलल्यावर मारतात. ‘दुपारभर वाघ समोर होता, तरी डार्ट मारला नाही’ ही तक्रार करणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. झायलाझिनच्या जोडीला दिलेल्या केटामाइन या भुलीच्या औषधामुळे डोळे उघडेच राहतात, त्यामुळे मलम घालून वर कापड बांधतात. झायलाझिनचा असर उतरवायला योहिम्बीनसारखं उतारा औषध आहे, केटामाइनला तसा उतारा नाही. ते आपोआप उतरेपर्यंत थांबावं लागतं.

शेवटी डार्ट शोधायचा असतो, लागलेलाही आणि चुकलेलाही. लागलेल्या डार्टचा दट्ट्या पुढे टेकला आहे का आणि आत किती औषध उरलंय, ते मोजल्याशिवाय दुसऱ्या डार्टची मात्रा ठरवता येत नाही. चुकलेला डार्ट सागाच्या पाचोळ्यात भरलेला, दाबाखाली पडून असतो. उद्या तिथे कुणी पानं तोडायला येईल, शेळ्या चारायला येईल. म्हणून शेपटीचा रंगीत गोंडा दिसेपर्यंत पाचोळा उलथायचा, सुईला टोपण लावायचं आणि मगच मागची हवा सोडायची.