ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालयांतील वरिष्ठ पदांची पूर्वतयारी : अमेरिकेतील मराठी प्राध्यापकांसाठी माहितीपत्रक

अमेरिकेतील ऑस्टिओपॅथिक वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन करणारे डॉक्टर आणि शास्त्रज्ञ हे आमच्या मार्गदर्शन संस्थेचे ग्राहक आहेत. त्यांतील काहींनी भारतात एमबीबीएस केल्यावर तिकडे रेसिडेन्सी (रुग्णालयातील पदव्युत्तर प्रशिक्षण) पूर्ण केली, काही जीवरसायनशास्त्रात किंवा शरीररचनाशास्त्रात पीएचडी करून अध्यापनाकडे वळले, तर काहींचा जन्मच तिकडचा असून त्यांनी डीओ (ऑस्टिओपॅथिक वैद्यकाची) पदवी घेतली आहे. विभागप्रमुखपदापर्यंत पोहोचल्यावर सहयोगी अधिष्ठाता, वरिष्ठ सहयोगी अधिष्ठाता आणि अधिष्ठाता (डीन) या पदांकडे जाण्याचा मार्ग कसा असतो, त्यासाठी कोणती तयारी किती आधीपासून करावी लागते आणि त्या तयारीत आमची मदत कुठपर्यंत होऊ शकते, हे सांगण्यासाठी हे पत्रक काढले आहे.

भारतातील आपल्या कुटुंबीयांच्या माहितीसाठी थोडी पार्श्वभूमी देणे इष्ट ठरेल. डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1892 मध्ये मिसुरी राज्यातील कर्क्सव्हिल या गावी ऑस्टिओपॅथीचे, म्हणजे हातांनी करावयाच्या उपचारांवर भर देणाऱ्या वैद्यकपद्धतीचे, पहिले महाविद्यालय सुरू केले. आज अमेरिकेत डीओ पदवीधारक हे एमडी (तेथील नेहमीची पहिली वैद्यकीय पदवी) पदवीधारकांप्रमाणेच पूर्ण परवान्याचे डॉक्टर असतात. ते औषधे लिहितात, शस्त्रक्रिया करतात आणि सर्व विशेषज्ञ शाखांत काम करतात. त्याखेरीज स्नायू, सांधे आणि हाडे यांवर हातांनी करावयाच्या तपासणीचे व उपचारांचे सुमारे 200 तासांचे प्रशिक्षण त्यांच्या अभ्यासक्रमात असते. अशी महाविद्यालये आता 40 हून अधिक झाली असून अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक त्यांत शिकतात.

या वाढीमुळेच नेतृत्वाचा प्रश्न निकडीचा झाला आहे. नवे महाविद्यालय किंवा जुन्या महाविद्यालयाची नवी शाखा उघडते, तेव्हा अधिष्ठात्याबरोबरच क्लिनिकल शिक्षण, मूलभूत विज्ञान, विद्यार्थी व्यवहार आणि पदव्युत्तर शिक्षण या प्रत्येक कामासाठी अनुभवी माणूस लागतो आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या महाविद्यालयातूनच येतो. त्यामुळे एका ठिकाणची नेमणूक ही दुसऱ्या ठिकाणची रिक्त जागा ठरते. पद रिकामे झाल्यावर माणूस शोधायला निघण्यापेक्षा पाच-सात वर्षे आधी तो घडवायला घेणे महाविद्यालयाच्या आणि उमेदवाराच्याही हिताचे आहे, असे आमचे ठाम मत आहे.

या महाविद्यालयांचे काम इतर अनेक वैद्यकीय महाविद्यालयांहून एका बाबतीत वेगळे पडते : त्यांतील बऱ्याच महाविद्यालयांचे स्वतःचे शिक्षण-रुग्णालय नसते. पहिली दोन वर्षे विद्यार्थी मुख्य आवारात शिकतात आणि तिसऱ्या वर्षी लहानमोठ्या शहरांतील सामुदायिक रुग्णालयांत व दवाखान्यांत विखुरले जातात. अ‍ॅरिझोना राज्यातील मेसा येथे ए. टी. स्टिल विद्यापीठाने 2007 मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयात तर दुसऱ्या वर्षापासूनच विद्यार्थी देशभरातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत जातात. अशा रचनेत सहयोगी अधिष्ठात्याचा दिवस कसा जातो, हे एका कल्पित उदाहरणावरून लक्षात येईल.

समजा, जूनच्या अखेरीस एका ग्रामीण रुग्णालयाने पत्र पाठवले की प्रसूती विभाग बंद करण्यात येत असल्यामुळे यापुढे स्त्रीरोग व प्रसूतीच्या रोटेशनसाठी (त्या विभागातील ठरावीक काळाच्या प्रशिक्षणासाठी) विद्यार्थी घेता येणार नाहीत. त्या रुग्णालयात सहा विद्यार्थी जायचे होते, त्यांनी घरे भाड्याने घेतली आहेत आणि त्यांतील एकीचे मूल तेथील पाळणाघरात जाते. क्लिनिकल शिक्षण पाहणाऱ्या सहयोगी अधिष्ठात्याला आता दुसरे रुग्णालय शोधायचे आहे, त्याच्याशी संलग्नता करार करायचा आहे, तेथील डॉक्टरांना प्रिसेप्टर (विद्यार्थ्यांना रुग्णसेवेत शिकवणारे मार्गदर्शक) म्हणून नेमून त्यांना मूल्यमापनाची पद्धत समजावून द्यायची आहे, त्यांच्या मानधनाची तरतूद चालू अंदाजपत्रकात बसवायची आहे आणि हा बदल मान्यता देणाऱ्या आयोगाच्या निकषांत बसतो, हे कागदोपत्री दाखवायचे आहे. या सर्वांच्या आधी त्याने त्या सहा विद्यार्थ्यांशी स्वतः बोलले पाहिजे. उत्तम शिक्षक असणे किंवा उत्तम शोधनिबंध लिहिणे यांतून ही कामे आपोआप येत नाहीत. ती हाताखाली करून शिकावी लागतात. क्लिनिकल प्राध्यापकांना रुग्णसेवेतून आणि शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेतून वेळ काढून ती शिकण्याची संधी महाविद्यालयाने मुद्दाम द्यावी लागते.

परीक्षा आणि मान्यता यांचाही अभ्यास आवश्यक आहे. 2020 च्या जूनअखेर डीओ आणि एमडी पदवीधरांसाठीच्या रेसिडेन्सी कार्यक्रमांची मान्यता एकाच व्यवस्थेखाली आली, तर 2022 मध्ये कॉमलेक्स (डीओंसाठीची) आणि यूएसएमएलई (मुख्यतः एमडींसाठीची) या दोन्ही परवाना परीक्षांच्या पहिल्या टप्प्याचे गुण जाहीर करणे थांबून केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल देण्यात येऊ लागला. या बदलांनंतर आपल्या विद्यार्थ्यांना रेसिडेन्सीत स्थान कसे मिळवून द्यायचे, याचे उत्तर निवड समिती प्रत्येक उमेदवाराकडून अपेक्षिते आणि ते आकडेवारीनिशी द्यावे लागते.

वरिष्ठ पदाकडे जाणारा मार्ग सरळ नसतो, हे सांगताना आम्ही डॉ. बार्बरा रॉस-ली यांचे उदाहरण आवर्जून देतो. डेट्रॉइटमध्ये 1984 पर्यंत त्यांनी एकटीने कौटुंबिक दवाखाना चालवला, पुढे आरोग्यशिक्षण आणि शासकीय धोरण या क्षेत्रांत काम केले आणि 1991 मध्ये रॉबर्ट वुड जॉन्सन आरोग्य धोरण फेलोशिप मिळवणाऱ्या पहिल्या ऑस्टिओपॅथिक डॉक्टर म्हणून सिनेटर बिल ब्रॅडली यांच्या कार्यालयात आरोग्यविषयक कायद्यांचे काम पाहिले. 1993 मध्ये त्या ओहायो विद्यापीठाच्या ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या. अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन महिला. दवाखान्यातील वर्षे आणि धोरणाच्या टेबलावरील वर्षे या दोन्हींचा उपयोग त्या पदावर झाल्याशिवाय राहिला नसेल. आपल्या अनुभवातील जो भाग आपल्याला आडवळणाचा वाटतो, तो सीव्हीतून गाळू नये, असे आम्ही ग्राहकांना सांगतो.

प्रशिक्षणाचे औपचारिक मार्गही उपलब्ध आहेत. ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटना भावी वरिष्ठ नेत्यांसाठी कार्यक्रम चालवते, तसेच महिला प्राध्यापकांसाठी 1995 मध्ये सुरू झालेला ‘एलॅम’ हा नेतृत्व-प्रशिक्षणाचा कार्यक्रम ड्रेक्सेल विद्यापीठात चालतो. ‘एलॅम’मध्ये प्रत्येक सहभागी महिलेला आपल्या संस्थेतील एका खऱ्या प्रश्नावर प्रकल्प करावा लागतो आणि आमच्या मते त्याचे खरे मोल त्या प्रकल्पातच आहे. केवळ प्रमाणपत्रासाठी कोणत्याही कार्यक्रमाला जाऊ नये. जाण्यापूर्वी आपल्या अधिष्ठात्यांशी बोलून परतल्यावर कोणती जबाबदारी मिळेल, हे ठरवून घ्यावे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करणे आमचे कर्तव्य आहे. ऑस्टिओपॅथिक महाविद्यालयाचा अधिष्ठाता डीओ पदवीधर असावा आणि त्याला अंदाजपत्रक सांभाळण्याचा अनुभव असावा, अशी अपेक्षा मान्यतेच्या निकषांत आहे. त्यामुळे एमबीबीएस किंवा पीएचडी असलेल्या ग्राहकांनी सहयोगी अधिष्ठाता, संशोधन प्रमुख किंवा विद्यापीठ पातळीवरील प्रशासन यांकडे लक्ष ठेवणे योग्य ठरते, तर डीओ पदवीधरांनी पैशाचे व्यवहार हाती घेण्याची संधी टाळू नये. अर्ज करण्यापूर्वी चालू निकष पाहून घ्यावेत.

आमचे काम तीन प्रकारचे आहे : आपल्या अनुभवातील उणिवा आपल्यासोबत बसून शोधणे, पुढील काही वर्षांत त्या भरून काढण्यासाठी समित्या आणि जबाबदाऱ्या सुचवणे, आणि मुलाखतीची तयारी करून घेणे. आपल्यातील पुष्कळ जण स्वतःच्या कामाबद्दल ‘आम्ही केले’ असे सांगतात. निवड समितीला मात्र त्यातील आपला वाटा ऐकायचा असतो, आणि तो फुगवून न सांगता नेमका सांगण्याचा सराव आम्ही विशेष लक्ष देऊन करून घेतो. नोकरी मिळवून देण्याची हमी आम्ही देत नाही, अर्ज परस्पर लिहून देत नाही आणि कोणत्याही महाविद्यालयाकडून दलाली घेत नाही.

पहिल्या भेटीसाठी आपला सीव्ही, आपण सांभाळलेल्या अंदाजपत्रकांचा थोडक्यात तपशील, काम केलेल्या समित्यांची यादी आणि शक्य असल्यास मान्यतेसाठी महाविद्यालयाने केलेल्या आणि आपला सहभाग असलेल्या स्वयंमूल्यमापन अहवालातील आपल्या भागाची माहिती सोबत ठेवावी. विद्यार्थ्यांची नावे किंवा रुग्णालयांचे गोपनीय करार असलेली कागदपत्रे कृपया पाठवू नयेत. भेट मराठीत किंवा इंग्रजीत, आपल्या सोयीने आणि आपल्या स्थानिक वेळेनुसार ठरवता येईल.